प्रवासखर्च

तुर्कूला नोव्हेंबरात चारच्या आत दिवस संपतो.
स्वयंपाकघरातलं टेबल पुसून घेते,
एकेचाळीस अर्ज मांडते.
पैसे सातजणांपुरते.

निधी म्हणजे काय, तर इल्मारीची होडी.
तो गेल्यावर बायकोने विकली
आणि पाकिटावर लिहिलं, ‘पोरांच्या तिकिटांसाठी.’
नियम मागाहून आम्ही केले. आम्हाला नियम आवडतात.
वय पस्तिशीच्या आत. पोस्टर हवं. शिफारसपत्र हवं.
आणि एक प्रश्न : परिषदेतून तुम्हाला काय मिळेल?

उत्तरं सगळी इस्त्रीची.
ज्ञानाची देवाणघेवाण, जागतिक सहकार्य,
पानामागून पान, घडी न मोडलेली.
नावं ठेवायला मी कोण?
पंचविसाव्या वर्षी मीही हेच लिहिलं होतं
आणि मनात फक्त समुद्र होता.

मग तिसावा अर्ज. नुरझात, ओश, किर्गिझस्तान.
गावावरच्या टेकडीत जुन्या खाणीचा गाळ पुरलेला.
खालच्या शाळेतल्या बारा शिक्षिकांच्या
गालांच्या आतून हिने पेशी पुसून आणल्या
आणि काचेवर मोजते आहे, रोज, एकटीच :
हजारांत कितींच्या केंद्रकाशेजारी
तो बारका ठिपका,
घराबाहेर काढलेल्या पोरासारखा
दाराशीच बसून राहिलेला.

काय मिळेल, याखाली तिने लिहिलं होतं :
‘आमच्या शहरात हे बघणारी मी एकटी.
मला दिसतं ते नुकसान की नुसती धूळ,
हे सांगायला दुसरे डोळे हवेत.
चुकत असेन, तर त्या बायकांना उगाच घाबरवलं.
चुकत नसेन, तर’

इथे ओळ संपली होती.
अर्जाला शब्दमर्यादा आहे.
तीही आम्हीच घातलेली.

सात नावं ठरली. व्हेइक्को दोनदा उठून बाहेर गेला.
चौतीस नकार मी लिहिले,
‘कळवण्यास खेद होतो’ दर वेळी नव्याने टाइप करून.
तेवढंच हातात होतं.
कुमासीच्या याव ओफोसुहेनेचं नाव
माशाच्या काट्यासारखं घशात राहिलं.
त्याचं तिकीट महाग होतं. कारण एवढंच.

मे महिन्यात गेन्टला ती आली,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेल्या काचा घेऊन,
विमानभर मांडीवर.
दालनात भिंतभर शेंडेनक्षत्रं टांगलेली :
पेशीला वीज लावली की तुटका डीएनए मागे फरफटतो,
जेवढी मोडतोड, तेवढं शेपूट लांब.
पूर्वी लोक अशाने घाबरून दारं लावून घेत.
आम्ही फूटपट्टी घेऊन जवळ जातो.

कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकावर
लिस्बनच्या एका म्हाताऱ्याने तिच्या काचा पाहिल्या.
चष्मा कपाळावर. जेवणाची वेळ टळून गेली.
‘ही धूळ,’ तो म्हणाला. ‘हीसुद्धा. ही रंगाची गुठळी.’
चुकलेय म्हणताना इतकं खुललेलं माणूस
मी आमच्या धंद्यात पाहिलं नव्हतं.
मग तो बोलेनासा झाला.
काचेमागून काच, नुसती मान हलवत राहिला,
आणि ती वहीत खुणा करत राहिली.
तेव्हाचा तिचा चेहरा मला विचारू नका.
मी कॉफीच्या रांगेकडे बघत होते, मुद्दाम.

शेवटच्या दिवशी ती पावत्या घेऊन आली,
बस, ट्राम, वसतिगृह, तारखेवार,
आणि टेबलावर अकरा युरो चाळीस सेंट ठेवले.
राहू दे, म्हटलं.
नको, म्हणाली. उरलेत.

घरी येऊन वही उघडली.
खर्चाचे रकाने सहा,
परत आलेल्या पैशांना एकही नाही.
समासात पेन्सिलीने लिहिलं : ११.४०.
आणि पुढे, समितीला न विचारता : याव.