वीस भाग

भिशी लागली त्या महिन्यात हातात चार हजार होते
आणि हातांना सुक्या बांगड्याचा वास.
पास्कू लुद्रिक रापणीची वही मिटत म्हणाला,
"बर्फाचो कारखानो शेअर काढता. घेतस काय?"

शेअर म्हणजे काय, मी विचारलं.
तो हसला नाही. म्हणून ऐकत राहिले.

"रापण ओढलंस कधी?"
लहानपणी, दोराला लोंबकळून.
मी दोर ओढत नव्हते, दोर मला ओढत होता.

"मासळी वाटतत तेवा
दोर धरणाऱ्याक वाटो, होडीक वाटो,
आणि जाळ्याकय वाटो.
जाळा काय दोर ओढता?
जाळ्याचो मालक अंथरुणाक खिळलेलो असलो
तरी त्याचो वाटो त्याच्या दारात जाता.
तू जाळ्याचो एक तुकडो घेतस, इतक्याच."

आणि जाळं फाटलं तर?

"तर तुझो तुकडोय फाटलो."

मग त्याने दोन पानांचा ताळेबंद पुढे टाकला.
मी मासळी घेताना कल्ले उघडून बघते,
डोळा दाबून बघते.
ह्या कागदाला कल्ले कुठे?
त्याने बोट ठेवलं: विजेचं बिल. बँकेचं कर्ज.
होडीवाल्यांकडे थकलेली उधारी.
"हे बघ कल्ले. लाल आसत की काळे, तूच सांग."
मला गुलाबी वाटले. काल संध्याकाळच्या मासळीसारखे.
खाण्याजोगे, पण आजच खावेत असे.

"चारही हजार नको," तो म्हणाला.
"दोन हजार मिठात घाल."
मीठ म्हणजे पोस्ट.

शंभराचा एक, असे वीस.
नंबर तीनशे एक्केचाळीस ते तीनशे साठ.
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले, तांदळाच्या डब्यामागे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले: आज भाव काय?
"भाव नाय."
असं कसं? दुकानातल्या टीव्हीवर तर आकडे धावत असतात,
हिरवे, तांबडे, एकमेकांच्या मागे.
"ता मुंबयत. हय घेणारो नाय, म्हणान भाव नाय.
चतुर्थीक चाकरमानी येतले, तेवा कायतरी होयत."

हे मात्र मला आधीच ठाऊक होतं.
ट्रक निघून गेल्यावर, भर दुपारी,
सुरमईचा भाव सुरमई ठरवत नाही.
किनाऱ्यावर उरलेला शेवटचा माणूस ठरवतो.

मग कॉम्प्रेसर फुटला.
बाजारात कुणी म्हणालं कारखाना बसला,
कुणी म्हणालं मालक गोव्याला गेला.
वामन खवणेकराने आपले तीस
चाळीस रुपयांनी काढून टाकले, आणि रस्त्यात मला म्हणाला,
"तूय सुट."

मी कारखान्यात गेले.
ओल्या गोणपाटात नवा सुटा भाग होता, कोल्हापूरहून आलेला,
आणि एक पोरगा त्याला ग्रीस लावत होता.
तरी त्या रात्री डोळ्याला डोळा नाही.
पहाटे विकायलाच निघाले होते.

मी धीर धरला असं आता लोक सांगतात.
धीर वगैरे काही नाही.
घेणारा सापडला नाही.

पुढच्या वर्षी पाकीट आलं. भागामागे बारा,
दोनशे चाळीस रुपये, नावात चूक:
रेवतीची रेवंती.
भाग म्हणजे वाटा. भागणं म्हणजे पुरणं.
दोनशे चाळिसात काही भागत नाही.
पण भागणं म्हणजे थकणंही,
आणि हे पैसे मी न थकता आले होते.
जन्मात पहिल्यांदा. जरा लाजच वाटली.

आता ताज्या मासळीची पाटी लावते, दोन लाद्या बर्फ रोज.
मॅनेजरला म्हटलं, भागधारकीण आहे, काही कमी कर.
तो म्हणाला, "उलट जास्त दी. फायदो तुझोच."

बरोबरच बोलला मेला.
तरी पाच रुपयांसाठी भांडले,
आणि पाच रुपये कमी दिले.
लादी डोक्यावर, पाणी मानेवरून पाठीत,
बाजार गाठेपर्यंत
माझा भाग थेंब थेंब
माझ्याच चोळीत.