खिशात मावेल असा

शहाद्याला, बसस्टँडच्या मागे
आमचा फोटो स्टुडिओ.
हा बाहेर फोटो काढतो,
मी मागच्या खोलीत बायका उजळवते.
कपाळावरून गालाकडे, गालावरून मानेकडे
माऊस फिरवायचा,
भाकरीवरून पाण्याचा हात फिरवावा तसा.
स्थळाचा फोटो असेल तर जरा जास्त.
सांगावं लागत नाही.
मुलीची आई काउंटरशी नुसती रेंगाळते,
म्हणते, "त्या दिवशी ऊन फार होतं हो."

माझाही असाच गेला होता, चोपड्याहून.
पहिल्या भेटीत हा म्हणाला, "काम सफाईचं आहे."
मी लाजले. पोह्यांचं म्हणतोय असं वाटलं.
सासू आत जाऊन बोलली,
पण दाराला नुसता पडदा होता:
"पोर काई शे, पन नाक मस्त शे."
नाक वजा करून रंगाचं जे उरलं
ते वडिलांनी केळीच्या दोन हंगामांत फेडलं.

बाजाराच्या दिवशी जामसिंग पावरा आला, धडगावकडचा.
बारडोलीला उसावर निघालेला.
रुमली यंदा पोटुशी, घरीच राहणार,
तिचा फोटो हवा, खिशात मावेल असा.
उजळ करा असं कुणी म्हटलं नव्हतं.
हातानेच केलं.
हनुवटीवरचे तीन ठिपके
डागांबरोबर गेले.

तो प्रत घेऊन बाहेर गेला.
रुमली पायरीवर बसलेली.
तिच्या गालाशी फोटो धरला,
एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.
ती इतकी हसली की गळ्यातली चांदी वाजली.
"ही कुठून आणलीस?
हिचं देज कोण देणार?
माझंच अजून अर्धं राहिलंय."

त्याला हसू आलं नाही.
"बाई, भोंगऱ्याच्या गर्दीत
या ठिपक्यांवरून हिला शोधली होती मी.
तुम्ही हरवून टाकली."

जुना फोटो नव्हताच, त्याच्यावरच सेव्ह केलेलं.
कॅमेरा घेऊन हा लोणखेड्याला, लग्नात.
मग रुमलीलाच आत बोलावलं, पंख्याखाली.
तिने हनुवटी पुढे केली.
मधला ठिपका जरा वर.
हिरवा म्हणावा तर निळा,
वांग्याच्या देठाशी असतो तसला.
तो द्यायला माऊस कसा धरायचा तेच कळेना,
इतकी वर्षं नुसतं पुसलेलं.

ती माझा हात बघत होती,
मनगटापासून कोपरापर्यंत.
"एकही नाही?"
"नाही."
"आईनेही नाही?"
मग जिभेने च्च केलं, आणि हळूच,
दुखऱ्या जागी बोट लावावं तसं म्हणाली,
"कोरीच ठेवली तुला."

सहा प्रती, साठ रुपये.

रात्री हा आला, बॅग ठेवता ठेवता
स्क्रीनकडे बघून म्हणाला,
"हनुवटीवर घाण राहिलीय."
मी शटरचं कुलूप शोधत होते.
"राहू दे," म्हटलं.
"तीन आहेत ना? मोज."