इंग्रजी आठ

खोकुर्ल्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांनी
रस्ता लोण्यासारखा करून ठेवलेला.
ओमनीचं डावं चाक साइडपट्टीत उतरलं
आणि जागच्या जागी पिसाळलं.
उजवं डांबरावर. कोरडं. ढिम्म.
मागं चौदा ट्रे खारी, नऊ ट्रे बटर,
गगनबावड्याची दुकानं उघडून बसलेली.

"गाडीचा दोष न्हाई," आप्पालाल मुजावर म्हणाले,
"डिफरन्सल लई भोळा गडी.
जो सैल सुटला त्येच्याकडंच सगळी ताकद पळती.
जो भुई धरून हुबा हाय,
त्यो नुस्ता हुबा."
मी सन्मतीकडं बघितलं नाही.
बेकरीच्या वहीत पाच वर्षं काय लिहिलंय
ते उद्यमनगरात कशाला काढायचं.

गाडी स्टँडवर घेतली, मागची दोन्ही चाकं अधांतरी.
मी माझ्या बाजूचं पुढं फिरवलं,
त्याच्या हातातलं मागं फिरलं.
त्यानं पुढं ढकललं, माझं मागं.
सर्फराज पाना पुसत म्हणाला,
सख्खे भाऊ न्हवं तुम्ही?

तेल परातीत उतरलं, काळं,
त्यात चांदीच्या वर्खासारखा चुरा.
मुजावरांनी दोन बोटांत चोळला,
नाडी बघितल्यासारखे गप्प राहिले.

नवा नग पुण्याच्या एका रॅलीवाल्याकडून,
अठ्ठावीस हजार, पावती नाही.
आत पोलादी चकत्या एकाआड एक,
एक या चाकाची, एक मधल्या डब्याची,
दाबून बसवलेल्या.
मी म्हटलं, त्यापेक्षा दोन्ही चाकं जखडूनच टाका की,
कायमची.
मुजावर हसले. "आणि करूळ घाटात?
वळणावर भाईरच्या चाकाला जास्त पळाय लागतंय.
बांधून घातलंस तर आधी टायर रडंल,
मग शाफ्ट जाईल.
घसरू द्यायचं, मगदूम.
किती, तेवढं आपण ठरवायचं."

दातांना निळं लावलं, क्राउन फिरवला, ठसा बघितला.
काठावर.
एक शिम काढली, कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
पुन्हा निळं. पुन्हा काठावर, आता दुसऱ्या.
फौंड्रीचा भोंगा झाला, माणसं डबे घेऊन बाहेर आली,
जेवून परत आत गेली.
मुजावरांचा डबा बंदच.
पाचव्या खेपेला ठसा दाताच्या मधोमध उमटला,
लहान पोराच्या करंगळीएवढा.
कुणी काही बोललं नाही. सर्फराजनं रेडिओ लावला.

तेलात एक छोटी बाटली वेगळी ओतायची होती.
तिला मासळीचा वास.
सन्मतीनं रुमाल नाकाला लावला,
आई असती तर गाडी पंचगंगेत धुऊन आणायला लावली असती
असं तो म्हणाला,
आणि मला हसू आलं, त्याच्यासमोर, बऱ्याच दिवसांनी.

मग पुन्हा चाकं धरली.
मी माझं पुढं फिरवलं.
त्याचं पुढं.
त्यानं हात घट्ट केला,
तो माझ्या तळव्यात कळला,
एवढ्या लोखंडातून, तेलातून, चकत्यांतून.
मी जोर लावला, घसरलं थोडं.
त्यानं लावला, थोडं घसरलं.
"खेळताय काय," मुजावर ओरडले, "टायर घाण झाला."

चकत्या बसायला आठ काढायचे, सावकाश, मोकळ्या माळावर.
"इंग्रजी आठ बरं का,
मराठी आठ काढशील तर परत येणार न्हाईस,
त्येचं तोंड उघडं."

शिरोलीच्या मागं माळ आहे, तिथं गेलो.
चावी मी त्याला दिली.
तो डावा वळसा घ्यायचा, मग उजवा,
मधे जिथं रेघा एकमेकींवरून जातात
तिथं दर खेपेला धूळ थोडी वर यायची.
वळणावर मागून कट कट आवाज.
मुजावर म्हणाले होते, आठवडाभर कटकटंल,
कान देऊ नका.

आमचा छत्तीसचा आकडा गावाला माहीत आहे.
वहीबद्दल मी काढलं नाही, त्यानंही नाही.
मागं एका ट्रेत फुटकी खारी राहिली होती,
ती खात होतो.
"किती झाले?" त्यानं विचारलं.
मी मोजत नव्हतो.
"आणि एक काढ," म्हणालो,
आणि चुरा झटकायला काच खाली केली.