टॉवेलचा उजेड

साडेतीनला उत्तरेच्या खिडकीत
ऊन नसतं, नुसता उजेड असतो.
तिथंच पाट. पाटावर कडक भाकरी,
उखळातून आत्ताच काढलेली शेंगाचटणी.
ट्यूब बंद, फ्लॅशही बंद;
तरी वाटीची डावी कड काळीच.

नरसय्यामामा खाटेवरून उठले,
मागावरचा डागी निघालेला पांढरा टॉवेल
दोन्ही हातांनी ताणून
समोर धरून बसले.
चाळीस वर्षं तुटला धागा हुडकणारे हात,
आता जरा कापतात.
"अजून खाली घेऊ?"
"तेवढंच. हलू नका."

चटणीतला दाणान् दाणा सुटा झाला,
कडेला तेल लकाकलं.

गिऱ्हाइकांना फोटो पाठवला.
कोपऱ्यात मामांचा अंगठा आलाय.
कापणार होते;
पण भाकरी केवढी, ते कळायला
काहीतरी लागतंच की.