खोकं क्रमांक चौदा

टिळक रस्त्यावरच्या तळघरात
अंबुताई हळबे आता सतरा खोक्यांत राहतात.
मी त्यांना आकडे देते.

१४/१. कंपनीचा करार. नाइटचे पंचाहत्तर,
पुण्याबाहेर भत्ता वेगळा,
आजारपणाचं कलम खोडलेलं.
१४/२. परटाची पावती. नऊवारी तीन, शालू एक,
शालूवर चहाचा डाग, ‘निघणार नाही’
असं त्यानंच लिहून ठेवलेलं.
१४/३. पुण्याहून सांगलीला तार: बंडूला ताप.
मागच्या कोऱ्या बाजूवर बाईंच्या अक्षरात
त्याच रात्रीचा हिशेब, चारशे दहा तिकिटं,
गजरा आठ आणे.

मग प्रॉम्प्टरची वही निघाली.
दिनकर पोंक्षे. विंगेतला माणूस,
एकाही फोटोत नाही.
तिसऱ्या अंकात एका वाक्याखाली तांबडी रेघ:
‘मला घरी जायचंय.’
आणि समासात, बारीक, तारखेनिशी:
आज बाईंनी वाक्य गाळलं.
आजही.
नाशिक. आजही.
सुचवलं, तर माझ्याकडे पाहिलं
आणि पुढचं घेतलं.

दोनशे अकरा तारखा मोजल्या मी,
डबा उघडायचा राहिला.

दोनशे बारावी पुण्याची. दुपारचा प्रयोग,
पाऊण थिएटर रिकामं.
आज घेतलं.
इतकं हळू, की पहिल्या रांगेलाही गेलं नसेल.
मला ऐकू आलं.

फॉर्मवर ‘शेरा’ नावाचा अरुंद रकाना आहे.
साहेब म्हणतात, कागदाची अवस्था तेवढी लिहा.
लिहिलं:
पेन्सिल. पुसट.
वाचता येतं.