पाटीवरचं पाणी

दुकानाच्या पाटीवर एकवीस वर्षं तेच आहे:
मेनेन्गाई टेलरिंग, खाली निळं तळं, तळ्यात दोन बदकं.
रंगाऱ्यानं विचारलं होतं, वरच्या त्या विवरात असतं काय?
पाणी असणार, म्हटलं मी.
एवढा मोठा खड्डा, दुसरं काय असणार?

नाकुरूत आम्ही सगळे असेच.
पत्ता सांगताना हात त्या डोंगराकडे,
पोरावर डाफरताना, वर नेऊन सोडीन तुला.
जात मात्र कुणी नाही.
आठ किलोमीटर म्हणजे कधीही जाता येईल इतकं,
आणि कधीही म्हणजे काय
ते उधारीवर कपडे शिवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

मार्चमध्ये मोराला भिशी लागली.
फ्रिज घेणार होती. म्हणाली, फ्रिज कुठं पळून जातोय,
आणि जेरोटिचच्या भाच्याची गाडी सांगून मोकळी झाली.
नाफुलानं रताळी उकडली, मिठाची पुडी, थर्मासभर चहा,
जसं काही मोंबासाला निघालोय.
वांगेची चर्चचे बूट घालून आली.

चढावर गाडी दोनदा बसली.
उतरून ढकलली आम्ही, झग्यांचे घोळ खोचून.
लेलेश्वाची झुडपं अंगाला घासली
आणि हातांना कापराचा वास राहिला,
देवळाबाहेर, उगाचच.

काठावर वारा असा
की बोललेलं शेजारणीपर्यंत पोचेना.
खाली पाहिलं.
काळा दगड. उकळता उकळता थांबलेला, सुरकुतलेला,
मैलच्या मैल.
लांबवर दोन-तीन ठिकाणी वाफ,
पातेल्यावरचं झाकण सरकवून कुणीतरी विसरल्यासारखी.
पाणी नाही. कुठंच नाही.

"आणि तुझी बदकं गं?" जेरोटिच ओरडली.
नाफुलाला हसून हसून खाली बसावं लागलं.

मग बराच वेळ कुणी हसलं नाही.
वांगेचीची आई सांगायची, तिथं रात्री भुतं शेती करतात.
ती वाकून वाकून बघत होती, बुटांची टोकं काठापासून हातभर मागे.
"माती कुठाय पण इथं," म्हणाली शेवटी,
मेलेल्या आईवर जरा रागावून.

रताळी खायला पाठ वाऱ्याकडे केली
तर समोर अख्खं नाकुरू:
पत्रे, मनोरे, रस्ता, आणि त्याच्याही पलीकडे
लख्ख तळं.
पाणी सगळं या अंगाला होतं, आमच्या घरांच्या बाजूला.
विवर राहिलं बाजूला. पाचजणी घरं शोधायला लागलो.
ते चर्च, त्याच्या डावीकडे, नाही, ती गिरणी,
तिथून तिसरी गल्ली.
दोरीवर विसरलेली माझी पिवळी चादर दिसली म्हणाली मोरा.
इतक्या लांबून चादर दिसत नाही.
मी म्हटलं, हो गं, तीच.

सोमवारी राखाडी रंगाचा डबा आणला.
मशीनखाली ठेवलाय.
गिऱ्हाइकं विचारतात, वर खरंच एवढं पाणी आहे?
मी सुई तोंडात धरून मान हलवते,
ती होय की नाही
त्यांचं त्यांनी ठरवावं.
पाटी रंगवायचीच आहे.
बघू, येत्या रविवारी.