एक डोळा, मोत्यांसह

खोका लंडनहून हिद्दच्या बंदरात आला
आणि अडीच दिवस उन्हात पडून राहिला.
आत काय आहे ते मी लिहायचं:
मालाचं वर्णन, नग, किंमत, कोड.

पहिला नग, चहाची पेटी, षट्कोनी.
लाकूड दिसतच नाही. सगळीकडे कागदाच्या सुरळ्या,
नखाएवढ्या, सोनेरी कडेच्या, उभ्या चिकटवलेल्या.
झाकणाच्या आत पेन्सिलीने: हॅरियट, दोन हिवाळे.
कुलूप आहे, किल्ली नाही.
लाकडी सामान की कागदी?
दोन्ही लिहून मी एक खोडलं.

मग नुसते कागद.
उंदीर पकडणाऱ्या कुणाची जाहिरात,
वर राजमुकुट, खाली हसल्यासारख्या घुशी.
मयताचं निमंत्रण, कवट्या आणि फावडी छापलेलं;
नावासाठी सोडलेली ओळ रिकामीच.
ज्याला बोलवायचं तोच आधी गेला असेल.
लॉटरीच्या तिकिटाचा सोळावा हिस्सा.
लागली का, खलफ विचारतो.
लागली असती तर तिकीट उरलं असतं का रे?

एकोणिसावा नग डबीत होता.
डोळा. एकच.
हस्तिदंतावर रंगवलेला, पापणीचा केसन् केस,
भुवईचं एक टोक, आणि पुढे माणूस नाही.
ज्याचा आहे त्यालाच ओळखू यावा
म्हणून असा करून घेत, म्हणे,
आणि कोटाच्या आत टोचत.
भोवती बारीक मोती, बावीस. तेविसाव्याची जागा.

हस्तिदंताला परवाना लागतो. परवाना नाही.
सीलबंद पिशवीतून तो माझ्या खणात
वर बघत राहिला.

खलफने चष्मा कपाळावर सारला.
त्याचा खापरपणजा मुहर्रकच्या गलबतावर,
नाकाला चाप, पायाला धोंडा.
आमचे, तो म्हणाला, मोत्यांवर बोट न टेकवता.
इथून सुरतेला जायचे. तुमच्या लोकांनी भोकं पाडली.
माझे लोक वेंगुर्ल्याचे, मी म्हटलं,
आम्ही सुरतेला कधी गेलो नाही.
तो हसला नाही.

दुपारी खणातून माझा गठ्ठा काढला,
अकरा वर्षं घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या.
सगळ्या पांढऱ्या. उन्हाने एकूणएक अक्षर खाल्लेलं,
एकीवर फक्त एक शून्य, कशाच्या मागचं कळेना.
घुशींची शाई मात्र काळीकुट्ट.

एक पावती पेनाभोवती गुंडाळली.
सुरळी झाली. मग दुसरी.
बोटांना काही सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी फॉर्म पुरा करायला घेतला.
डोळा, एक, मोत्यांसह. मालक: अज्ञात.
उगमदेश:
इथे खलफने माझ्या हातातून पेन घेतलं,
सुरळी अजून त्यावर होती.